घरटी सव्वा गाडी

"ताई, ह्यात चांगुणाबाईचं घर कुठं हाय, तेवढं दावा."

रावजीतात्या खिलारे यांनी नकाशाची गुंडाळी माझ्या टेबलावर उलगडली आणि ती परत मिटू नये म्हणून दोन्ही कडांवर आपले रुंद पंजे दाबून धरले. तात्या मार्केट यार्डातले हमाल आणि हमालांच्या गृहनिर्माण सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्या मागं, दाराला टेकून चांगुणाबाई उभी होती. ती यार्डात धान्य पाखडायला बसायची. तिचा नवराही हमालच होता. गोदामात पोत्यांची थप्पी अंगावर आली आणि गेला, त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती.

मी नगरपालिकेच्या नगररचना विभागात आरेखक होते, कंत्राटी. वय चोवीस. ही गोष्ट दोन हजार चार सालच्या एका सोमवारची आणि त्याच आठवड्यातल्या शुक्रवारची.

नकाशा मला पाठ होता. यार्डामागच्या पत्र्याच्या चाळीत बत्तीस कुटुंबं राहत होती. चाळ पाडून तिथंच इमारत उभी करायची, तळमजला आणि वर तीन मजले. एकेका मजल्यावर आठ घरं. हमालाची पाठ एकदा गेली की त्याला जिना चढवत नाही, म्हणून तळमजल्याची आठ घरं अशा म्हाताऱ्यांना आणि विधवांना द्यायची, हे त्यांनी आपसात बसून ठरवलं होतं. नगरपालिकेत इतकं शहाणपणाचं काही ठरलेलं मी नोकरीभर पाहिलं नाही. चांगुणाबाईचे गुडघे बसून बसून गेले होते. तिला जिन्यालगतचं घर दिलं होतं.

पण आमच्या ऑफिसनं तो नकाशा शेरा मारून परत पाठवला, आर्किटेक्टनं बदलला, आणि आता तळमजल्यावर घरं नव्हती.

"हे बारा चौकोन कसले?" तात्यांनी विचारलं.

"मोटारींची जागा आहे, तात्या. पार्किंग."

"कुणाच्या मोटारी?"

"तुमच्या."

तात्या वळले. "ऐकलंस का, चांगुणा? आपल्या मोटारी हायत म्हणं."

ती हसली नाही. दार सोडून दोन पावलं पुढं आली आणि नकाशाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण चौकोन मोजता येत होते.

"नवा नियम येतोय," मी म्हटलं. "दर दोन घरांमागे एका मोटारीची जागा ठेवायची. त्याशिवाय नकाशा मंजूर होणार नाही."

"मोटार नसंल तरी?"

"नसली तरी."

"मंग वर एक मजला वाढवून द्या."

"समोरचा रस्ता अरुंद आहे. चौथ्या मजल्याला परवानगीच नाही."

तात्या शांतपणे म्हणाले, "मंजी आठ घरं गेली."

"हो."

"मंजी चांगुणा गेली."

मी हो म्हटलं नाही. खरं म्हणजे मलाही तो शेरा खटकला होता. जुन्या नियमात लहान घरांना पार्किंगची सक्ती नव्हती. नव्या मसुद्यात ती सवलत काढून टाकली होती, आणि मसुदा मंजूर व्हायच्या आधीच सगळे नकाशे त्याप्रमाणे तपासा, असा आमच्या निंबकर साहेबांचा तोंडी हुकूम होता. सवलत का काढली, ते अहवालात लिहिलं होतं. मी कपाटातून अहवाल काढला. शहरातल्या वाहनांची पाहणी. मागच्या उन्हाळ्यात मीच दारोदार फिरून केलेली. हमाल चाळीसमोर आकडा होता, घरं बत्तीस, गाड्या एक्केचाळीस. खाली निष्कर्ष, की कष्टकरी वस्त्यांतसुद्धा घरटी सव्वा गाडी आढळते, सबब लहान घरांना सवलत देण्याचे कारण उरत नाही.

"तात्या, तुमच्याकडे एक्केचाळीस गाड्या आहेत असं इथं लिहिलंय."

"हायतच की."

"एक्केचाळीस?"

"आता त्रेचाळीस झाल्यात. महादूच्या पोरानं दोन नव्या केल्या."

"कुठल्या गाड्या, तात्या?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं डोकं फिरलंय का, अशा नजरेनं. "कुठल्या मंजी? गाड्या. ज्याच्यावर माल वढतो त्या. हातगाड्या वं! तुमी आला व्हता तवा भितीला टेकवून ठिवल्या व्हत्या की. युनियनचे नंबर घातलेल्या."

मला एकदम सगळं दिसलं. चाळीच्या भिंतीला दांडे वर करून ओळीनं टेकवलेल्या हातगाड्या. एकीला वीतभर जागा लागत नव्हती. मी त्यांच्या समोरून चालत गेले होते, दारात उभी राहून विचारलं होतं, "गाड्या किती?" आणि लोकांनी सांगितलं होतं, एक. दोन. एक. मी लिहीत गेले होते. अहवाल पुढं इंग्रजीत झाला, तिथं गाडीची कार झाली, आणि कारची परत मराठीत मोटार झाली.

मी हसायला लागले. मग तात्याही हसले, पोट धरून. "आयला! मंजी आमी मोटारवाले!" आणि मग आम्ही दोघंही एकदमच थांबलो, कारण चांगुणाबाई तशीच उभी होती.

मला संताप आला. असा संताप मला त्याआधी कधी आला नव्हता. हातगाडी ओढणाऱ्याच्या नावावर मोटार लिहायची आणि त्या मोटारीसाठी त्याच्या विधवेचं घर काढून घ्यायचं, आणि वर त्याला पाहणी म्हणायचं!

"शुक्रवारी सभागृहात या नियमावर सुनावणी आहे," मी म्हटलं. "सगळे या. तुम्ही हरकत घ्या, मी उभी राहून सांगते. मी स्वतः डोळ्यांनी पाहिल्यात त्या हातगाड्या."

"नक्की सांगशीला?"

"नक्की, तात्या."

चांगुणाबाईनं माझ्या हाताला हात लावला, तो परत कपाळाला लावला. मला ते आवडलं नाही, पण मी तिला थांबवलंही नाही.

ते गेले आणि मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

निंबकर साहेब वाईट माणूस नव्हते. हे मी त्यांची बाजू घ्यायला सांगत नाही. वाईट असते तर माझं काम सोपं झालं असतं. त्यांनी माझं बोलणं सगळं ऐकून घेतलं, हातगाड्या म्हटल्यावर मनापासून हसले, आणि मग हसू पुसून म्हणाले, "कुदळे, डॉक्टर कॉलनीत गेल्या महिन्यात ॲम्ब्युलन्स अडकली. दोन्ही बाजूंना मोटारी. माणूस दारात गेला. हे होऊ नये म्हणून नियम आहे."

"पण डॉक्टर कॉलनीतल्या मोटारींसाठी हमालांच्या घरात जागा कशाला?"

"आज त्यांच्याकडे नाहीत. वीस वर्षांनी त्यांची मुलं घेतील. इमारत साठ वर्षं उभी राहते. तेव्हा काय, रस्त्यावर लावणार?"

"आणि आज जी बाई आहे, ती कुठं राहणार? रस्त्यावर?"

माझा आवाज चढला होता. बाहेरचा टाइपरायटर थांबला. साहेबांनी मात्र आवाज चढवला नाही. त्यांनी ड्रॉवरमधून एक कोरा फॉर्म काढला आणि माझ्यापुढं सरकवला.

"हा प्रश्न कोणी लिहिला?"

मी फॉर्मकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

"वरून नमुना आला होता, त्यात वेगवेगळे रकाने होते," साहेब म्हणाले. "मोटार वेगळी, स्कूटर वेगळी, सायकल वेगळी, इतर वेगळं. मी तुम्हाला सांगितलं, मराठीत करा. तुम्ही काय केलंत?"

मी ते सगळे रकाने काढून एक ओळ लिहिली होती. आपल्या घरी गाड्या किती? फॉर्म एका पानात बसावा म्हणून. लोकांना साधं, सुटसुटीत कळावं म्हणून. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, तयार करणार, ल. कुदळे. साहेबांनी तेव्हा माझं कौतुकही केलं होतं आणि मी दोन दिवस खुशीत होते.

"पाच हजार घरं फिरलात तुम्ही," साहेब म्हणाले. "विणकर पेठेत गाडी म्हणजे काय होतं? स्कूटर? मळ्यातल्या घरांत काय होतं? बैलगाडी? एक आकडा चुकला म्हटलात की पाचही हजार जातात. नियमावली जाते. वर्षाचं काम जातं. आणि मग चौकशी होते ती फॉर्म कोणी केला याची."

"मग चुकीचंच राहू द्यायचं?"

"मी तसं म्हटलं नाही. ते लोक हरकत घेणार आहेत ना? घेऊ द्या. समिती ऐकेल. तुम्ही मध्ये पडू नका, एवढंच." त्यांनी फॉर्म परत ड्रॉवरमध्ये ठेवला. "तुमची कायम करायची फाइल आली आहे माझ्याकडे. या महिन्यात वर पाठवतोय."

त्यांनी धमकी दिली नाही. हे मी स्वतःला पुढं कित्येक वर्षं सांगत आले आहे, आणि दर वेळी मला स्वतःचीच चीड आली आहे. धमकी द्यायची त्यांना गरजच पडली नाही.

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. समोर नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि निंबकर साहेब. मी बाजूच्या टेबलावर, कागद पुरवायला. पुढच्या खुर्च्यांवर डॉक्टर कॉलनीतली माणसं आणि दोन-तीन बिल्डर. हमाल मागं उभे होते. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी उभे. चांगुणाबाई भिंतीला टेकून.

आधी एक डॉक्टर बोलले. ॲम्ब्युलन्सचं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. नियम कडक करा म्हणाले. घर तिथं पार्किंग. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग तात्यांना बोलावलं. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता आणि डोक्यावरचा पटका नव्यानं बांधला होता.

"बोला, खिलारे," निंबकर साहेब म्हणाले. "तुमची हरकत काय?"

"आमाला मोटारीची जागा नगं, साहेब. आमाला घरं पायजेत. आठ घरं जात्यात."

"पाहणीत तुमच्या चाळीत एक्केचाळीस गाड्या नोंदल्या आहेत. बरोबर आहे?"

"बरूबर हाय."

पुढच्या खुर्चीतले डॉक्टर मागं वळून म्हणाले, "माझ्याकडे दोनच आहेत हो!"

सभागृह खदखदून हसलं. नगराध्यक्षही हसले. तात्यांना काय झालं ते कळेना. ते हसणाऱ्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होते. इतकी वर्षं लोकांचा माल डोक्यावर वाहून नेणारा तो माणूस, त्यांच्यासमोर पटका सावरत उभा. आज हे लिहितानाही त्या हसण्याच्या आठवणीनं माझ्या डोक्यात तिडीक जाते.

"हातगाड्या वं साहेब," तात्या म्हणाले. "हातगाड्या हायत त्या!"

हसणं आणखी वाढलं, मग ओसरलं. मुख्याधिकारी तेवढे हसत नव्हते. ते पुढं वाकून निंबकर साहेबांना म्हणाले, "हे खरं आहे का? मग हा आकडा काढावा लागेल."

"सर, नियमाचं ऐकल्यावर आता सगळेच हातगाड्या म्हणतील," साहेब म्हणाले. "फॉर्मवर सह्या-अंगठे आहेत."

"मोटारी आत्ता न्हाईत साहेब आमच्यात," तात्या बोलत राहिले. "येतील तवा येतील. मोटारी यायच्या आदी मान्सं तर ऱ्हाऊ द्या! आनि खोटं वाटत आसंल तर ह्या ताईस्नी इचारा. ह्याच आल्या व्हत्या लिवायला. ताई, सांगा की साहेबांस्नी. तुमी बघितल्यात."

मुख्याधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोण? तुम्ही केली होती पाहणी?"

मी उभी राहिले. "हो, सर."

"मग सांगा. कसल्या गाड्या होत्या?"

एक शब्द हवा होता. चार अक्षरांचा. हातगाड्या. मला तो माहीत होता, सोमवारपासून तोंडात घोळत होता. मुख्याधिकारी ऐकायला तयार होते. निंबकर साहेब माझ्याकडे बघत नव्हते, ते आपल्या पेनाचं टोपण घालत होते, काढत होते. मला एवढंच दिसत होतं, की मी तो शब्द उच्चारला की पुढचा प्रश्न येणार, मग फॉर्ममध्ये तसं वेगळं का विचारलं नाही? या सगळ्या लोकांसमोर. आणि ते आता जे तात्यांवर हसले, ते माझ्यावर हसणार.

"सर," मी म्हटलं, "फॉर्ममध्ये गाड्या एवढंच लिहिलेलं आहे."

त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

"म्हणजे हातगाडी अशी नोंद नाही?"

"नाही, सर."

"ठीक आहे. बसा."

मी बसले. तात्या माझ्याकडे बघत होते, रागानं नाही. मला ऐकू गेलं नसावं, त्यांनी नीट विचारलं नसावं, असंच बहुधा त्यांना वाटत होतं. त्यांनी परत एकदा तोंड उघडलं, पण शिपायानं पुढचं नाव पुकारलं.

नियम जसाच्या तसा मंजूर झाला. महिन्याभरात मी कायम झाले. वर्षाअखेर चाळ पडली आणि दोन वर्षांत इमारत उभी राहिली, चोवीस घरांची. ती आजही आहे. तळमजल्यावर खांब आहेत आणि फरशीवर पांढऱ्या रंगात एक ते बारा आकडे. वीस वर्षं झाली. साहेब म्हणाले होते तशी हमालांच्या मुलांनी गाड्या घेतल्या, पण त्या स्कूटर, आणि त्या जिन्याखाली मावतात. मोटारी दिसतात त्या समोरच्या बँकेत येणाऱ्यांच्या, उन्हात तापू नयेत म्हणून आणून लावलेल्या. गेल्या वर्षी एकजण काच खाली करून मला म्हणाला, "मॅडम, इथं छान सोय आहे." मी त्याला इतकं काही बोलले की वॉचमन धावत आला. त्या बिचाऱ्याचा काय दोष होता! पण कुणाला तरी बोलायचंच होतं.

चांगुणाबाई आणि बाकीचे सातजण कुठं गेले, ते मी कधी विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं, असं आजवर म्हणत आले. खरं म्हणजे उत्तर ऐकायची तयारी नव्हती.

त्या शुक्रवारी सुनावणी संपल्यावर मी मागच्या दारानं निघाले होते. हमाल पुढच्या जिन्यानं उतरतील आणि गाठ पडणार नाही, असा हिशोब केला होता. पण पुढचा जिना उंच होता. गुडघे गेलेली चांगुणाबाई मागच्या उतारावरून, कठड्याला धरून एकेक पाऊल खाली येत होती. मला बघून थांबली.

मला वाटलं, आता शिव्या देईल. द्याव्यात, असं मला मनापासून वाटत होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "ताई, तुमी लिवायला आला तवा माझ्या बी दारात आला व्हता. आठवतंय?"

"हो." मला आठवत नव्हतं.

"तुमी इचारलं, गाडी किती. म्या म्हणलं, न्हाई. मालक गेलं तवाच त्यांची गाडी इकली. तुमी म्हणला, बरं, आनि तसंच लिवलं. व्हय ना?"

"हो, चांगुणाबाई."

"मंग माझ्या घरात कुणाची गाडी लावणार वं?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि ऑफिसात बसणारी मी, मला ते ठाऊक असणार अशी तिची समजूत होती. कठडा धरून ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. मी घड्याळात पाहिलं, साहेब वाट बघतायत असं तिला सांगितलं, आणि वर निघून गेले.